गिळलेलं ‘नाही’

एका कादंबरीच्या ऑडिओबुकमधली दोन प्रकरणं मी चुकीची ऐकली होती. नायिकेला भावाचं पत्र येतं. ती ते हातात घेऊन बराच वेळ खिडकीशी बसते आणि मग निवेदक सांगतो, ‘तिने ते पत्र उघडलं.’ पुढे ती भावाशी इतकी कोरडी वागते, की त्या पत्रात नेमकं काय असेल याचे अंदाज मी बांधत राहिले. तिसऱ्या प्रकरणात भाऊ तिला विचारतो, ‘माझं पत्र वाचलंस का?’ आणि ती ट्रंकेतून बंद पाकीट काढून त्याच्यापुढे ठेवते. मी तिथेच थांबले, मागे गेले, आवाज पूर्ण वाढवला आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. तेव्हा कुठे ऐकू आलं, ‘तिने ते पत्र उघडलं नाही.’ त्या ‘नाही’ला आवाज उरलेलाच नव्हता, फक्त निवेदकाचा संपत आलेला श्वास होता.

मराठीत वाक्याचा जीव शेवटाला असतो. कोण, कुठे, केव्हा, कसं हे सगळं आधी येतं आणि झालं की नाही झालं हे अगदी टोकाला कळतं. आणि निवेदकांची सगळ्यात जास्त आढळणारी सवय म्हणजे वाक्याच्या टोकाला आवाज सोडून देणं. सुरुवात खणखणीत करायची, मधल्या शब्दांवर ठसा द्यायचा आणि क्रियापदाशी येईपर्यंत दम संपलेला असायचा. इंग्रजीत क्रियापद आणि नकार वाक्यात लवकर येऊन जातात, त्यामुळे शेवटचे दोन शब्द पुसट झाले तरी बहुतेक वेळा अर्थ हाती लागतो. आपल्याकडे ‘नाही’ गेलं की गोष्टच उलटी होते. म्हणून नवीन पुस्तक घेण्याआधी नमुना ऐकताना मी आवाज गोड आहे की भारदस्त, हे बघतच नाही. वाक्यांची शेपटं ऐकते.

ऐकण्याची ही सवय मला सक्तीने लागली. चार वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र पडलं. ओळी वाचताना मधलं अक्षर गायब व्हायचं, कडेची दिसायची. यावरच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. वायू वर तरंगतो, त्यामुळे तो मागच्या पडद्याला टेकून राहावा यासाठी रुग्णाने तोंड खाली करून राहायचं असतं. मला सात दिवस सांगितले होते. जेवण आणि अंघोळ सोडली तर दिवसरात्र पालथं पडून, कपाळ उशीच्या कडेला टेकवून, खालची फरशी बघत राहायचं. त्या फरशीवरची केसाएवढी चीर मला अजून पाठ आहे. ती भिंतीपासून निघून टीचभर सरळ येते, मग अचानक डावीकडे वळते आणि एका काळ्या ठिपक्याशी संपते.

जन्मभर वाचत आलेल्या माणसाचे हे दिवस कसे जाणार, हे माझ्या भाचीला माझ्याआधी कळलं. तिने माझ्या फोनवर एक अ‍ॅप घातलं, एक कादंबरी लावली आणि फोन माझ्या कानापाशी ठेवत म्हणाली, “मावशी, हे ऐक. नाही आवडलं तर बंद कर, पण पहिला तासभर बंद करू नकोस.”

तो आवाज एका उतारवयातल्या पुरुषाचा होता. पहिला अर्धा तास मला तो सपाट वाटला. ना रंग, ना चढउतार. कोणी घरातलं माणूस दिव्याखाली बसून वाचून दाखवतंय असा. पण तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की मला तो आवाज ऐकूच येत नाहीये. पात्रं दिसतायत, पाऊस दिसतोय, त्या वाड्यातला अंधारा जिना दिसतोय. सांगणारा मात्र कुठे नाही. उठून बसण्याची मुभा मिळाली त्या दिवशी भाचीने विचारलं, “कोण होतं गं वाचणारं?” मला नाव आठवेना. आज चार वर्षांनी, शेकडो तास ऐकल्यावरही, निवेदकाचं यापेक्षा मोठं कौतुक मला सुचत नाही.

त्याच आठवड्यातला दुसरा निवेदक नेमका याच्या उलट. त्याचा आवाज सुंदर होता आणि ते त्याला माहीत होतं. पात्र रडलं की हा रडायचा. पात्राने दार आपटलं की याचा आवाज दारासारखा आपटायचा. बायकांची वाक्यं आली की गळा बारीक करून नाकातून बोलायचा, आणि पन्नाशीची मुख्याध्यापिका व बारा वर्षांची मुलगी दोघी एकाच नाकातून बोलायच्या. दमायला झालं. पालथं पडून मान आधीच अवघडलेली, त्यात हा माणूस मला क्षणभर एकटं सोडेना. मी दु:खी होण्याआधी तोच दु:खी होऊन जायचा.

वेगवेगळे आवाज काढणं मुळातच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. जिम डेल या इंग्रज नटाने मुलांच्या एका गाजलेल्या कादंबरीमालेसाठी काही भागांत शंभराहून जास्त पात्रांचे आवाज काढले आणि ते ऐकत मुलांची एक पिढी मोठी झाली. मुलांच्या पुस्तकात, विनोदात, जादूच्या गोष्टीत ही आतषबाजी शोभते. मोठ्यांच्या शांत कादंबरीत मात्र मला आवाजापेक्षा चाल बदलणारा निवेदक हवा असतो. एका पुस्तकात बाप आणि मुलगा यांचा चार पानांचा संवाद आहे, ‘तो म्हणाला’सुद्धा नाही, नुसती वाक्यामागे वाक्यं. निवेदिका बाई आहे. तिने दोघांपैकी कोणाचाही आवाज काढला नाही. फक्त बापाचं प्रत्येक वाक्य ती एक पाऊल उशिरा सुरू करते. मुलाने काही विचारलं की किंचित जागा जाते, मग बाप बोलतो. मुलगा मात्र बापाचं वाक्य संपायच्या आत सुरू होतो. चार पानांत मी एकदाही चुकले नाही, आणि त्या उशिरामुळे तो म्हातारा किती थकलाय हेही कळलं. पुस्तकात तसं कुठे लिहिलेलं नाही.

तेव्हापासून मला वाटत आलंय, की ऐकताना आपण निवेदकाच्या हाती जे सोपवतो ते म्हणजे आपलं थांबणं. डोळ्यांनी वाचताना कुठे रेंगाळायचं, कुठली ओळ पुन्हा वाचायची, कुठे पुस्तक मांडीवर उपडं ठेवून छताकडे बघायचं, हे माझं मी ठरवते. ऐकताना ते दुसराच कोणी ठरवतो. पुस्तक मिटण्याइतकं फोनवरचं बटण दाबणं सहज नसतं. हात कामात असतात, आपण चालत असतो, अंधारात पडलेलो असतो. म्हणून वाक्य संपल्यावर निवेदक किती गप्प राहतो, याला माझ्या लेखी त्याच्या आवाजाइतकीच किंमत आहे. परिच्छेद बदलला तरी जो स्वल्पविरामाइतकाच थांबतो, त्याने लेखकाची सगळी मोकळी जागा खाऊन टाकलेली असते.

या थांबण्यावरूनच माझं आणि माझ्या एका मित्राचं कडाक्याचं भांडण झालं. तो जन्मापासून पाहू शकत नाही. पुस्तकं ऐकण्यात माझ्याहून तीसेक वर्षांनी पुढे. मी मोठ्या उत्साहाने त्याला त्या उतारवयातल्या निवेदकाबद्दल सांगितलं, तर त्याने ते पुस्तक लावलं आणि वेग अडीचपट केला. माझ्या कानाला तो नुसता मुंग्यांचा आवाज. मी म्हटलं, “अरे, असं काय करतोस! सगळे विराम मेले की.”

तो म्हणाला, “तू डोळ्यांनी वाचतेस तेव्हा मोठ्याने वाचण्याच्या वेगाने वाचतेस का?”

मी गप्प झाले.

“नाही ना? तू भरभर वाचतेस आणि आवडलं तिथे हळू होतेस. मीपण तेच करतो. माझा वेग माझ्या हातात आहे. तो निवेदकाने ठरवायचा असं तुला वाटतं, कारण तुझ्यासाठी हे ऐकणं आहे. माझ्यासाठी हे वाचन आहे, अगं.”

हे मी विसरू शकले नाही. आवाजातल्या पुस्तकाचा इतिहास मी यानंतर शोधून शोधून वाचला, आणि बोलकं पुस्तक हे मुळात कोणासाठी जन्माला आलं, हे तिथे कळलं. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ, म्हणजे नळकांड्यावर आवाज साठवून पुन्हा ऐकवणारं यंत्र, तयार केलं आणि पुढच्याच वर्षी एका लेखात त्याचे संभाव्य उपयोग सांगितले. त्यांत अंध माणसांना वाचून दाखवणारी पुस्तकं यादीत अगदी वर होती. पण तेव्हाच्या नळकांड्यांवर काही मिनिटांचाच आवाज मावायचा. कादंबरी कुठून मावणार? पहिल्या महायुद्धाने या कामाला घाई आणली. इयन फ्रेझर नावाच्या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याची दृष्टी १९१६ साली सॉमच्या लढाईत गेली. त्याच्यासारख्या दृष्टी गेलेल्या अनेक सैनिकांना ब्रेल शिकणं जड जात होतं. फ्रेझर ग्रामोफोनच्या मागे लागला. अमेरिकेत १९३४ साली आणि ब्रिटनमध्ये १९३५ साली दृष्टिहीनांना बोलकी पुस्तकं मिळू लागली. ब्रिटनमधल्या तबकडीच्या एका बाजूला साधारण २५ मिनिटं वाचन मावायचं आणि एका कादंबरीला दहाएक तबकड्या लागायच्या. पेटीत भरून त्या टपालाने घरी यायच्या.

मला त्या २५ मिनिटांचा विचार करायला फार आवडतं. बाजू संपली की उठायचं, तबकडी उलटायची, सुई पुन्हा ठेवायची. खून कोणी केला हे कळायच्या ऐन वेळी सुई खरखरायला लागली असेल तर त्या खोलीत काय शांतता पसरली असेल! तो विराम लेखकाचा नव्हता आणि निवेदकाचाही नव्हता. तरी ऐकणाऱ्याने त्यात नक्की काहीतरी भरलं असणार.

आणि आवाजाच्या अभिनयावरून जे वाद आज आपण घालतो, तेही तेव्हापासूनचे. अंध वाचकांपैकी अनेकांचं मागणं असं होतं, की आम्हाला नाटक नको, पुस्तक हवं. अर्थ लावायचं काम आमच्याकडे राहू द्या. डोळस माणसाला हे वाक्य नुसती आवड वाटेल. ज्याला आयुष्यभर दुसरी माणसंच वाचून, निवडून, समजावून देत आलीत, त्याच्या तोंडी ते हक्काचं मागणं आहे. मित्राचा अडीचपट वेग मला तेव्हा समजला. निवेदकाच्या लयीवरचं माझं प्रेम कमी झालेलं नाही, पण ती लय सगळ्यांवर बंधनकारक आहे असं मी आता मानत नाही.

‘ऐकलंस म्हणजे वाचलं नाहीस’ असं म्हणणारे भेटतातच. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली ९ जणांना त्याच गोष्टी एकदा ऐकवल्या आणि एकदा वाचायला दिल्या. दोन्ही वेळा मेंदूत अर्थ उमटल्याचे नकाशे जवळजवळ सारखे निघाले. पण मला या वादात फार रस नाही. ज्याच्या हाती ब्रेल नाही आणि डोळ्यांत नजर नाही त्याला ‘तू वाचलं नाहीस’ हे तोंडावर कोण सांगणार? माझ्यापुरतं मी इतकं ओळखलंय, की घट्ट विणलेला वैचारिक ग्रंथ मला कानाने झेपत नाही. तिथे मागच्या पानावर डोळा टाकावा लागतो, तळटीप बघावी लागते. कविता मी सलग दोनदा ऐकते, एकदा शब्दांसाठी आणि एकदा आवाजासाठी. कादंबरी आणि आत्मचरित्र मात्र कानात जास्त मुरतं. संक्षिप्त आवृत्ती मी अजिबात घेत नाही. कॅसेटच्या काळात जागा कमी होती तेव्हा पुस्तकं कापावी लागत, ते समजू शकते. आता फोनमध्ये चाळीस तास सहज मावत असताना कापण्याचं कारण काय?

पुन्हा मराठीकडे येते, कारण माझ्या खऱ्या तक्रारी तिथे आहेत. आपली लिपी बरीच बोलल्यासारखी असली तरी काही गोष्टी ती वाचणाऱ्यावर सोडते. ‘जग’ हा शब्द घ्या. दुनिया या अर्थाचा ‘जग’ वेगळा आणि ‘तू जग’ मधला ‘जग’ वेगळा. लिहिताना दोन्ही तेच, बोलताना ‘ज’ बदलतो. थोडं या अर्थाचं ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाची ‘जरा’, तसंच. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला ‘झ’ एक नाही, हे शाळेत कोणी न शिकवताही घरात मराठी बोलणाऱ्या पोराला कळतं. हे कुठेच लिहिलेलं नसतं, कानांनीच पिढ्यान्‌पिढ्या पुढे आलेलं असतं. म्हणून निवेदकाने एकदा जरी ‘जवळ’ मधला ‘ज’ ‘जीवन’ मधल्यासारखा उच्चारला, की माझ्या पायाखालची फळी हलते. पुढची पाच मिनिटं मी गोष्ट ऐकत नाही, उच्चार तपासत बसते. यात बोलीचा कमीपणा नाही. एका बाईंनी एक ग्रामीण कादंबरी त्याच बाजाच्या मराठीत वाचली आहे आणि त्यात प्रमाण उच्चार शोधायला गेलं तर एकही पान नीट निघणार नाही. पण तो बाज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकसंध आहे. मी तिच्या गावात राहून आले. पात्रांचे संवाद बोलीत आणि निवेदन पुस्तकी अशी कादंबरी असेल तर दोन्हींमधली पायरी निवेदकाने हळूच उतरायची असते. तिथे फार जण अडखळतात.

दुसरी गोष्ट ‘असे’ आणि ‘असं’ची. लेखकाने ‘तो असे म्हणाला’ लिहिलंय आणि निवेदक सरसकट ‘असं म्हणाला’ वाचतो. कारण तोंडाला तेच सोपं. संवादात हे मी आनंदाने मान्य करेन; कोणी घरात ‘मी जेवण केले’ म्हणत नाही, आणि जुन्या छपाईत संवादही पुस्तकी एकार घेऊन यायचे. पण पन्नाससाठ वर्षांपूर्वीच्या निवेदनातला ‘केले, गेले, झाले’ हा त्या लेखकाच्या चालण्याचा आवाज आहे. त्याला ‘केलं, गेलं, झालं’ करून टाकलं की गद्याची कडक इस्त्री मोडते. मी एकदा छापील पुस्तक हातात धरून ऐकायला बसले, तर पहिल्याच पानावर अकरा ठिकाणी हा बदल होता. कोणाला विचारून केला होता?

लेखकांनी स्वत:ची पुस्तकं वाचावीत का, यावर माझं मत बरंच ठाम आहे: आठवणी जरूर वाचाव्यात, कादंबऱ्या शक्यतो नकोत. आठवणी सांगताना अडखळलेला आवाजही खरा वाटतो, कारण अडखळणारा तोच असतो. १९५२ साली बार्बरा कोहेन आणि मॅरिअ‍ॅन रोनी या अवघ्या २२ वर्षांच्या दोन मैत्रिणींनी न्यूयॉर्कमध्ये डिलन थॉमस या कवीला गाठून त्याच्याच आवाजात त्याच्या कविता रेकॉर्ड केल्या. तबकडीची दुसरी बाजू भरायला मजकूर कमी पडत होता, म्हणून त्याने लहानपणच्या नाताळाबद्दलचा एक लेख वाचला. पुढे लोकांनी तबकडी घेतली ती मुख्यत: त्या लेखासाठी. जागा भरायला घेतलेली आठवण, आणि तीच टिकली. कादंबरीत मात्र लेखकाला सगळी पात्रं आतून माहीत असतात, आणि तो ती सांगताना नकळत बाजू घेतो. खलनायकाचं वाक्य वाचताना त्याच्या आवाजातच निकाल लागलेला असतो.

ही सगळी मतं मी ऐकणारी म्हणून बिनधास्त द्यायचे. मग दीड वर्षापूर्वी, डोळा बराच सुधारल्यावर, दृष्टिहीनांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या एका छोट्या संस्थेत वाचायला जाऊ लागले. मित्रानेच सुचवलं होतं. आठवड्यातून एकदा, दोन तास.

काचेमागच्या त्या खोलीत पहिल्याच दिवशी मला माझं शरीर किती आवाज करतं ते समजलं. घड्याळ काढून बाहेर ठेवायचं. सळसळणारा कपडा नको. मान वळवली की आवाजाचा रंग बदलतो, म्हणून नजर पडद्यावर फिरवायची, डोकं नाही. तोंड कोरडं पडलं की प्रत्येक ‘त’ आणि ‘क’ला बारीक चट् असा आवाज ऐकू येतो, पोटात गुरगुरलं तर ते संपेपर्यंत थांबायचं. रेकॉर्डिंग सांभाळणारा मुलगा पंचविशीचा, कमी बोलणारा. मी चुकले की तो थोडं मागे नेतो, माझीच मागची दोन वाक्यं माझ्या कानात वाजवतो आणि चुकलेल्या शब्दाच्या अलीकडे रेकॉर्डिंग सुरू करतो. मी माझ्याच आवाजाचा हात धरून पुढे निघायचं. जोड ऐकू येता कामा नये. पहिल्या दिवशी दोन तासांत बावीस मिनिटं हाती लागली. इंग्रजी ऑडिओबुकच्या धंद्यात एका तासाला साधारण ९,३०० शब्द असा हिशेब धरतात, म्हणजे मिनिटाला १५५. आपली विभक्ती शब्दालाच चिकटते, ‘त्यांच्याबरोबरच्यांनासुद्धा’ हा आपल्याकडे एक शब्द होतो. तो हिशेब मराठीला लावला तर वाचणाऱ्याचा दम सुटेल. माझ्या ठाम मतांना पहिला धक्का तिथेच बसला: वाक्याचं शेपूट गिळलं जातं ते नेहमी निष्काळजीपणाने नाही. लांब वाक्याच्या शेवटाला खरोखरच श्वास उरत नाही. तो कुठे घ्यायचा हे आधी पुस्तक वाचून, पेन्सिलीने खुणा करून ठरवावं लागतं.

प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला तो मुलगा म्हणतो, “ताई, अर्धा मिनिट शांत.” आम्ही दोघं गप्प बसतो आणि तो खोलीची शांतता रेकॉर्ड करतो. पुढे काटछाट करताना जिथे विराम लांबवायचा असतो, तिथे ही शांतता भरतात. नुसता शून्य आवाज भरला तर ऐकणाऱ्याच्या कानाला खड्डा लागतो, पुस्तक बंद पडल्यासारखं वाटतं. म्हणजे ज्या विरामांवर मी इतकं बोलत आले, ते विरामही पोकळ नसतात. त्यांत एक खोली असते, दोन माणसं श्वास आवरून बसलेली असतात.

आता यंत्राचे आवाज आले आहेत. एका मोठ्या कंपनीने २०२३च्या सुरुवातीला यंत्राच्या आवाजातली इंग्रजी पुस्तकं विक्रीला ठेवली, आणि तेव्हापासून हे वाढतच चाललंय. मी काही ऐकली. आवाज स्वच्छ आहे, कंटाळत नाही, वाक्याचं शेपूटही गिळत नाही. पण थांबतो तो विरामचिन्हासाठी, समोर आलेल्या प्रसंगासाठी नाही. मला तो नको. मित्राचं म्हणणं निराळं आहे. त्याच्या फोनमध्ये वर्षानुवर्षं यंत्राचाच आवाज आहे, बातम्या, बिलं, निरोप सगळं तोच वाचतो, आणि जे पुस्तक कोणी माणूस कधीच वाचणार नाही ते यंत्राने वाचलं तर ते त्याला मिळतं तरी. यावर माझ्याकडे उत्तर नाही. दहा वर्षांत मी किती पुस्तकं वाचून देणार? वीस? मात्र एखाद्या निवेदकाचा आवाज त्याला न विचारता, न मोबदला देता यंत्राला शिकवायचा, हे मला चोरीच वाटतं, आणि त्यात दुसरी बाजू मला दिसत नाही.

मी वाचत असलेल्या पहिल्या पुस्तकात अठरावं प्रकरण फार अवघड होतं. बायको गेल्यावर एक म्हातारा तिचं कपाट रिकामं करतो. एकेक वस्तू काढतो आणि पलंगावर ठेवतो. लेखकाने फक्त वस्तूंची नावं दिली आहेत. मी घरी चारदा वाचून गेले होते. पण खोलीत बसल्यावर तिसऱ्या वस्तूशी माझा आवाज कापायला लागला, आणि मला तो कापलेला आवाज आवडला. मी तसंच वाचत गेले. प्रकरण संपलं. काचेपलीकडे तो मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग बटण दाबून म्हणाला, “ताई, तुम्ही रडू नका. नुसतं वाचा.”

मला राग आला. पाणी प्यायले. त्याच्याकडे बघितलं तर तो खाली मान घालून बसला होता. मग मला तो दुसरा निवेदक आठवला, माझ्याआधी दु:खी होणारा. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. चष्म्याचं घर. दोन वस्तूंमध्ये थांबले. दोरा संपलेलं रीळ. थांबले. किल्ली, कुठली ते माहीत नाही. म्हाताऱ्याला कपाटापासून पलंगापर्यंत जायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ प्रत्येक नावानंतर गप्प राहिले. ‘नाही’वर आवाज सोडला नाही.

पुस्तक पूर्ण झाल्यावर मित्राने ते ऐकलं. चार दिवसांनी त्याचा फोन आला. उच्चारांच्या तीन चुका त्याने प्रकरणासकट सांगितल्या, मी त्या लिहून घेतल्या. एका जागी जोड कळतो, तेही सांगितलं. मी विचारलं, “वेग किती ठेवला होतास?”

“अडीच,” तो म्हणाला. “अठराव्याला एकवर आणला.”